किती दिवस झाल्यासारखं वाटतंय?

बदलापूरकडचं कुणी तुम्हाला 'इथंच आहे, पाच मिनिटांवर' असं म्हणालं, तर आधी जेवून घ्यावं, पाण्याची बाटली भरून घ्यावी आणि मगच घराबाहेर पडावं. बार्शीहून तिकडं जाणाऱ्यांसाठी या प्रवासातून मी आणलेला सल्ला एवढाच. बाकी जे आणलं ते सल्ल्यासारखं एका ओळीत देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

जायचं कारण होतं आई. माझा धाकटा भाऊ दिलीप अंबरनाथच्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये त्यानं स्वतःचा फ्लॅट घेतला आणि तेव्हापासून दर रविवारी फोनवर त्याचा एकच धोशा: ताई, आईला आता इकडंच राहू दे. मी बार्शीच्या शाळेत मराठी शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि वडील गेल्यापासून आई आणि मी अशा दोघीच राहत आलो. मुलगा असताना आई मुलीकडं का, हे नातेवाइकांचं टुमणं वेगळंच. शेवटी दिलीपनं तोडगा काढला. दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन आठ दिवस ये. तिला करमलं तर ती राहील, नाही करमलं तर तुझ्याबरोबर परत जाईल. मी लगेच हो म्हटलं, कारण आईला तिथं करमणार नाही याची मला खात्री होती. आणि स्पष्टच सांगते, करमू नये अशी माझी इच्छाही होती. शाळेतून येऊन रिकाम्या घराचं कुलूप आपणच काढायचं, ही कल्पना मला सोसत नव्हती.

आई स्वतः काहीच बोलत नव्हती. "बघू की, जाऊन तर बघू," एवढंच म्हणून तिनं पिशवी भरली.

गाव मागे राहिलं

गाडीतल्या प्रवासाबद्दल लिहीत नाही, गाडीतला प्रवास सगळ्यांचा सारखाच असतो. मात्र आमची गाडी पुणे-कर्जत करत आली ती बदलापूर स्टेशनातून न थांबता सुसाट निघून गेली, हे सांगायलाच हवं. मी आईला पाटी दाखवली तेव्हा ती खिडकीला चिकटली आणि पाटी मागे जाताना बघत राहिली. लांबच्या गाड्या इथं थांबत नाहीत, कल्याणला उतरून उलटं यायचं असतं, हे मी तिला समजावून सांगितलं. त्यावर आई म्हणाली की दारावरून पुढं नेऊन परत दारात आणायचं, ही कुठली पाहुण्याला न्यायची रीत.

कल्याणला दिलीप मित्राची व्हॅन घेऊन हजर होता. घरी पोचायला किती वेळ, असं मी विचारलं. अर्धा तास, असं तो म्हणाला. अर्धा तास सरला तेव्हा आम्ही उल्हासनगरातच होतो. पुढं जीन्सच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो, मागं कपाटं लादलेला टेम्पो, आणि मध्ये आम्ही. आई मजेत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाटा, सोफे, आरशांची कपाटं उघड्यावर मांडलेली बघून कुणाचं तरी लग्न आहे का, असं तिनं विचारलं. अंबरनाथ यायला लागलं तसा कारखान्यांचा उग्र वास व्हॅनमध्ये शिरला. मी पदर नाकाला लावला. दिलीपनं मात्र छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "आलं आमचं गाव. आता पाच मिनिटं."

ती पाच मिनिटं पुष्कळ मोठी होती, पण मला त्यातून एक गोष्ट कळली. आपल्याकडं कुणाला रस्ता विचारला तर तो ओढा, वड, पिठाची गिरणी असं काहीतरी सांगतो. इकडं सगळं मिनिटांत सांगतात. शाळा दहा मिनिटं, बाजार पाच मिनिटं, डॉक्टर दोन मिनिटं. ती मिनिटं घड्याळातली नसतात, सांगणाऱ्याच्या मनातली असतात. दिलीपची बायको वंदना मुंबईला कचेरीत जाते. तिनं दारात भेटलेल्या एका बाईंची ओळख 'ही माझी सात बावन्नची मैत्रीण' अशी करून दिली. दोघी रोज त्या गाडीनं जातात. बाईंचं आडनाव वंदनालाही आठवत नव्हतं, पण बाईंच्या मुलीच्या दहावीचे मार्क तोंडपाठ होते.

कात्रपमधला खेळ

ते दिवस भारनियमनाचे होते. 'तुमच्याकडं किती तास?' हा प्रश्न तेव्हा महाराष्ट्रभर पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबर विचारला जायचा. मी बार्शीचे तास सांगितले की कात्रपची मंडळी हळहळायची, आणि मला उगाचच आपण फार सोसतो असं वाटून बरं वाटायचं.

आपल्याकडं लाईट गेली की माणूस ओट्यावर बसून सरकारला नावं ठेवतो. दिलीपच्या इमारतीत मात्र लाईट गेल्यावर सगळे खाली उतरत. प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चटया मांडल्या जात. मग शेजारचे जोशीकाका, जे बँकेतून निवृत्त झाले होते, एक स्टीलचा डबा फिरवत आणि सगळ्यांची घड्याळं नि मोबाईल त्यात गोळा करत. घड्याळ फक्त काकांच्या हातात राहायचं. गप्पा चालू असताना काका मध्येच कधीतरी टॉर्च लावून म्हणत, "सांगा, लाईट जाऊन किती वेळ झाला?" प्रत्येकानं आपापला अंदाज सांगायचा. ज्याचा सगळ्यात जास्त चुकेल त्यानं सगळ्यांना चहा करून आणायचा.

हा खेळ मला फार आवडला. कामावरून थकून आलेली माणसं नेहमी कमी सांगत, त्यांना बसायला मिळालेलं पुरतच नसे. दिलीपची मुलगी प्राची कॉलेजात होती. मोबाईल डब्यात गेल्यापासून तिचा जीव खालीवर व्हायचा. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, कमसे कम एक तास तर झालाच असेल ना," आणि काकांनी घड्याळ दाखवलं तर जेमतेम वीस मिनिटं झाली होती. माझा अंदाज जवळपास बरोबर निघे. त्यात माझं कौतुक काही नाही. इतकी वर्षं पस्तीस मिनिटांचे तास घेतले की ती घंटा अंगात भिनते.

रोज हरायची ती आई. वीस मिनिटं झाली की ती तास म्हणायची, तास झाला की 'आता जेवणवेळ टळली असंल' म्हणायची. सगळे हसायचे, तीही हसायची आणि गुडघ्यावर हात ठेवून चहा करायला उठायची. वंदना तिला बसवायला बघायची, पण आईला हरल्याचा चहा करण्यात भारी हौस. तिसऱ्या दिवसापासून तर काही जण मुद्दाम म्हणत की आजी हरू देत, वंदनावहिनींच्या चहाला आल्याचा वास नसतो.

मी मात्र हे सगळं शिक्षिकेच्या डोळ्यांनी बघत होते. वर्गात ज्या पोराचं मन लागत नाही, तेच पोर दर दोन मिनिटांनी 'मॅडम, किती वेळ राहिला' म्हणून विचारतं. ज्याला तास लांब वाटतो त्याला तो नकोसा झालेला असतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आईला इथला वेळ लांब वाटत होता. याचा अर्थ उघड होता, आणि मी त्या रात्री फार गाढ झोपले.

सकाळी मी हे दिलीपला ऐकवलं. तो म्हणाला, "ठीक आहे ताई, मग तसंच ठरवू. शेवटच्या दिवशी आईला विचारायचं, किती दिवस झाल्यासारखं वाटतंय. जास्त सांगितले तर ती कंटाळली, तू घेऊन जा. कमी सांगितले तर तिला करमलं, इथं राहील." मला हे एकदम पटलं. वंदना पोळ्या लाटत होती. तिनं आम्हा दोघांकडं वळून बघितलं आणि आईच्या आयुष्याचा निकाल चहाच्या खेळावर लावता का, असं विचारलं. पण आम्ही दोघं भावंडं, लहानपणापासून कुठल्याही गोष्टीवर पैज लावणारी. ठरलं ते ठरलं.

उल्हासनगरची दोन मिनिटं

दुसऱ्याच दिवशी दिलीप आईला आणि मला घेऊन उल्हासनगरला निघाला. 'सहज, फर्निचर बघायला.' मला संशय आला होताच. दुकानात शिरल्या शिरल्या तो दिवाणाच्या किमती विचारू लागला. आईची उंची किती, गुडघे दुखतात म्हणून दिवाण फार खाली नको, वगैरे. पैजेचा निकाल अजून लागायचा होता आणि याची दिवाणापर्यंत तयारी. मला राग आला आणि तो मी लपवला नाही.

दुकानदार सिंधी होता, गोड बोलणारा. गोदामातून दुसरा नमुना मागवतो म्हणाला, "दो मिनट बैठो, माताजी." आधी पाणी आलं, आणि पाण्याबरोबर भाजलेला पापड. आपल्याकडं पाहुण्याला गूळपाणी, यांच्याकडं पापडपाणी. तहानलेल्या माणसाला खारट पापड का देतात हे मला कळलं नाही, पण त्यानंतर पाणी गोड लागतं हे खरं. दोन मिनिटांत नमुना आला नाही, दालपक्वान आलं. पक्वान म्हणजे तव्याएवढी कडक पुरी, तिच्याबरोबर घट्ट चणाडाळ, वर कांदा आणि चिंचेची चटणी. पुरी मोडताना तिचा एक तुकडा उडून थेट विक्रीच्या सोफ्यावर पडला. मी ओशाळले. दुकानदार म्हणाला, आता सोफा तुमचाच.

गल्ल्यामागं दुकानदाराची आई बसली होती, आमच्या आईच्याच वयाची असावी. दोघींची जी गट्टी जमली ती बघण्यासारखी होती. आईला हिंदी येत नाही आणि त्या अम्मांना मराठी अर्धवट, पण गुडघ्यांपासून सुरुवात झाल्यावर भाषेचं काही अडलं नाही. अम्मा फाळणीच्या वेळी लहान असताना इथं आल्या. तेव्हा इथं लष्कराच्या बराकी होत्या. मोठी माणसं सांगायची, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, मग परत घरी जायचं. त्यांच्या वडिलांनी म्हणे वर्षभर ट्रंक उघडली नाही.

आईनं विचारलं, "मग लई वर्सं झाली की."

अम्मा म्हणाल्या, "बहन, वो पहला साल बहुत बड़ा था. उसके बाद के सारे साल मिलाके भी उतने नहीं हुए."

आईनं अम्मांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. गोदामातला नमुना आला तेव्हा दुपार कलली होती. आईला दोघींच्या बोलण्यातून उठवायला दिलीपला तीनदा हाक मारावी लागली. दिवाण ठरला. परवा घरी येईल, असं दुकानदार म्हणाला. उल्हासनगरचा परवा कधी उजाडतो ते बघू, असं मी मनात म्हटलं. पण गृहस्थ शब्दाचा पक्का निघाला, दिवाण वेळेवर आला आणि माझा आणखी विरस झाला.

अंबरनाथ आणि जांभूळ

अंबरनाथचं शिवालय बघायला आम्ही सगळेच गेलो. आम्ही बौद्ध, पूजेअर्चेला नव्हे, पण वडील गवंडी होते, त्यामुळं दगडाचं काम दिसलं की आमचे पाय थांबतातच. काळ्या दगडात कोरलेल्या बाया, वादक, हत्ती, वेली, हातभरही जागा रिकामी नाही. तिथल्या एका गृहस्थांनी आम्हाला मोठ्या भक्तीनं सांगितलं की हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, पहाट झाली म्हणून वरचं काम अर्धं राहिलं. आई हसली. आमच्या वडिलांना शाळेचा एक उंबरा बसवायला दोन दिवस लागले होते आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तो काढून पुन्हा बसवला होता, हे तिनं त्या गृहस्थांना ऐकवलं. मग ती प्रदक्षिणा घालावी तशी देवळाभोवती फिरली, प्रत्येक कोपऱ्याशी थांबत. दिलीपला कामावर जायचं होतं, तो घड्याळ बघत होता. आई त्याला म्हणाली की बांधणाऱ्यांनी एवढी वर्षं दिली, तू बघायला थोडा वेळ दे.

रविवारी सकाळी वंदना तिला विहारात घेऊन गेली. तिथल्या बायकांनी आईला जुनी गाणी म्हणायला लावली. आईला एवढी गाणी येतात हे मला माहीत नव्हतं. घरी ती गुणगुणते, पण ते मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. वंदना सांगत होती, एक गाणं संपलं की बायका दुसरं मागायच्या, आणि आई लाजत लाजत दुसरं सुरू करायची.

त्याच दुपारी जांभूळला गेलो. दिलीपच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचं तिथं थोडं शेत आहे. रिक्षावाल्यानं गावाच्या तोंडाशी सोडलं. वाटेत एका म्हातारीला शेताचा पत्ता विचारला, ती हात लांबवून म्हणाली, "ह्यो काय, जवलच हाय." त्या जवळच्या भरवशावर आम्ही भाताच्या कापलेल्या खाचरांतून चालायला लागलो. बांध संपेनात. दिलीपची एक चप्पल तुटली, मला कुसळं टोचली, प्राची तर 'पप्पा, हम लोग कहाँ आ गए' म्हणून मटकन बसली. आई मात्र पुढं. शेवटी परतून आलो तर शेत त्या म्हातारीच्या घरामागंच होतं. तिनं हात शेताकडंच केला होता, आम्ही हाताच्या पुढं निघून गेलो होतो. म्हातारी आम्हाला बघून पोट धरधरून हसली आणि तिनं आईला आपल्या ओसरीवर बसवलं.

सहकाऱ्याच्या घरी जेवायला तांदळाची भाकरी, सुकट आणि लाल मिरचीची चटणी होती. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मला ती भाकरी मऊ पोळीसारखी वाटली, पण सुकटीबरोबर किती खाल्ल्या ते कळलं नाही. आईनं तर ती भाकरी थापायचीच असा हट्ट धरला. उकडीच्या पिठाचा गोळा तिच्या हातून सारखा फाटत होता. आयुष्यभर भाकऱ्या थापलेली बाई नवशिकीसारखी चुलीपुढं बसली होती आणि शेतमालकाची बायको तिला शिकवत होती. चौथी भाकरी न फाटता तव्यावर पडली तेव्हा आईनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. ते तोंड बघून मला हसू आलं, आणि का कोण जाणे, जरा धाकधूकही वाटली.

आठवा दिवस

निघायच्या आदल्या संध्याकाळी चहा झाल्यावर दिलीपनं मला खूण केली. आई नव्या दिवाणावर पाय पसरून बसली होती. वंदना आणि प्राचीही बाहेर आल्या. दिलीपचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्यानं विचारलं, "आई, इथं येऊन किती दिवस झाल्यासारखं वाटतंय?"

आईनं थोडा विचार केला. बोटांवर काहीतरी धरलं, सोडलं. मग म्हणाली, "मला तर वाटतंय, दोन महिनं झालं असतील."

मी जिंकले होते. दिलीप मान खाली घालून चटईचा काठ चाचपायला लागला. मी फार काही दाखवलं नाही, उठले, आतल्या खोलीत गेले आणि आईची लुगडी घडी करून पिशवीत भरायला लागले. थोड्या वेळानं आई दारात येऊन उभी राहिली आणि माझी लुगडी कुठं नेतेस म्हणाली. मग मी तिला पैज सांगितली. आठ दिवसांचे दोन महिने वाटले म्हणजे तू कंटाळलीस, तेव्हा उद्या तू माझ्याबरोबर येतेस.

आईनं माझ्या हातातलं लुगडं काढून घेतलं आणि कॉटवर बसली. मलाही जवळ बसवलं.

"कटाळली कोण म्हणलं तुला?" ती म्हणाली. "बार्शीत आपलं वरीस कसं जातं, सांग बरं. दिवाळी झाली की दिवाळी येती. मधी काय झालं, इचारलं तर मला सांगता येत न्हाई. सकाळी तू शाळंत जाती, सांजला येती, आपण खातो, झोपतो. सुखाचं हाय, पर भुर्रकन जातं. इथं आठ दिसांत केवढं झालं. ती उल्हासनगरची बाई, ती दगडाची बाया-माणसं, मला आल्याली गाणी, ती फाटकी भाकरी. रोज रातीला आठवाया बसलं की दिस सरत न्हाई. म्हणून दोन महिनं म्हणलं."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. माझ्याजवळ आता वर्सं थोडी हायती, शालू. ती भुर्रकन गेल्याली मला परवडायची न्हाईत. मला लांब दिस पायजेत."

इतकी वर्षं मुलांना शिकवलं, वेळ लांब वाटतो तो कंटाळ्यानं, आणि माझी निरक्षर आई मला त्याची दुसरी बाजू सांगत होती. पण खरं तर मला ते शहाणपण वगैरे काही दिसत नव्हतं. मला एवढंच ऐकू आलं की माझ्याबरोबरची वर्षं तिला आठवत नाहीत. मी तसं बोलून दाखवलं आणि रडले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "सुखाची व्हती म्हणून तर कळली न्हाईत," असं ती दोनदा म्हणाली. माझं समाधान झालं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये बसताना पिशवी एकच होती. जोशीकाकांनी आईला विचारलं की आजी, आज खेळायला आहात ना. आई म्हणाली, हाय की. मी काचेतून हात हलवला तेव्हा ती त्यांच्याशी काहीतरी बोलून हसत होती.

बार्शी

गल्लीतल्या सगळ्यांनी विचारलं, आई कधी येणार. मी म्हटलं, मे महिन्यात मीच जाणार आहे. शाळा सुरू झाली तोवर बरं चाललं होतं. पहिला रविवार मात्र काही केल्या सरेना. ज्या बाईला पस्तीस मिनिटं अंगानं कळतात, तिनं त्या दिवशी दुपारी तीनदा घड्याळ कानाला लावून बघितलं, ते चालू आहे की नाही म्हणून.

संध्याकाळी मी तशीच ओट्यावर बसले आणि ठरवलं, आईला नाही आठवत तर नाही, आपण आठवून बघू. पहिल्यांदा खरंच काही येईना. शाळा, घर, शाळा, घर. मग एकदम माकडांची आठवण आली. आपल्या छतावर वाळत घातलेल्या कुरडया माकडांनी पळवल्या होत्या आणि आई झाडू घेऊन शेजाऱ्यांच्या छतावर उतरली होती. मला एकटीलाच हसू आलं. मी मोबाईल घेतला आणि कात्रपला लावला.

आईला म्हटलं, "तुला कुरडया आठवतात का, माकडांनी नेलेल्या?"

आई म्हणाली, "आन् तू खाली हुबी राहून वरडत व्हतीस, आई पडशील म्हणून. शिडी कुणी काढली व्हती?" शिडी मीच काढून ठेवली होती, आई वर राहिली होती, हे मला तेव्हा आठवलं. मग मी सायकल शिकताना सरळ आईलाच धडकले तो दिवस निघाला. माझ्या दप्तरात शिरून शाळेपर्यंत आलेलं मांजर निघालं. भूकंपाच्या भीतीनं आख्खी गल्ली अंगणात झोपली होती आणि आईनं पहाटे सगळ्यांना एकाच पातेल्यात पिठलं केलं होतं, ते तिनं काढलं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी सोडल्यावर ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली होती, शालू, तुझे केस कधी पांढरे झाले. ते मी काढलं. एक सांगून झालं की दुसरीच्या तोंडात दुसरं तयार. मागून वंदना जेवायला हाका मारत होती, आई तिला 'थांब गं, थांब गं' म्हणत होती.

शेवटी दोघींना दम लागला.

"आगं शालू," ती म्हणाली, "लई वर्सं व्हती की गं आपली."